अकरा कानांचा घडा

मी कमी बोलणारी बाई नाही आणि हळू बोलणारी तर मुळीच नाही, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. त्यामुळे आमचे हे जेव्हा म्हणायला लागले, "तू हल्ली फार पुटपुटतेस," तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पुटपुटते? माझी हाक गल्लीच्या टोकाच्या शिंप्याला ऐकू जाते आणि हातभर अंतरावर चाकाशी बसलेल्या या माणसाला जात नाही. तरी दोष कुणाचा, तर माझ्या गळ्याचा!

आम्ही मातीची भांडी करतो. हे चाकावर भांडं घडवतात आणि मी त्याला कान लावते. कपाचा कान, किटलीचा कान, बरणीचे दोन कान, जे काही धरून उचलायचं असतं ते सगळं माझ्या हातचं. लोकांना सोपं वाटतं. भांडं अर्धवट वाळलेलं असताना नेमक्या वेळी कान लावावा लागतो. जरा लवकर लावला तर भांडं दबतं. उशीर झाला तर कान भट्टीत सुटून पडतो, नाहीतर राहतो जागेवर पण भांड्याला तडा देऊन. जन्मभर हेच करत आल्यामुळे ओळखीपाळखीत मला सगळे 'कानवाल्या वहिनी' म्हणतात, आणि मला त्याचा अभिमान आहे.

म्हणून यंदाच्या मातीच्या मेळ्यातल्या मोठ्या स्पर्धेचा विषय 'कान' असा आला, तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं. दरवर्षी आपले 'निसर्ग', 'आनंद', 'आई' असले गुळमुळीत विषय. शेवटी कुणाला तरी आमची आठवण झाली! हेही खूश. म्हणाले, "बघ, कानाला किंमत आली एकदाची." उरलेल्या जगाचे कान डोक्याला असतात, हे आम्हा दोघांपैकी एकाच्याही टाळक्यात शिरलं नाही. मेळ्यात जमणारा सगळा पैसा यंदा ऐकू न येणाऱ्या मुलांच्या मशीनसाठी जाणार, हेही आम्हाला माहीत होतं. तरी नाही शिरलं.

मशीनवरून आठवलं. लेकीनं यांना हाताला धरून दवाखान्यात नेलं होतं, तपासण्या करून घेतल्या होत्या आणि दोन कानांची दोन छोटी मशीनं आणून दिली होती. ह्यांनी "बघू" म्हटलं आणि डबी कपाटात ठेवून दिली. मी समजावून पाहिलं, ओरडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. अबोल्याचा तर काहीच उपयोग झाला नाही, कारण मी बोलत नाहीये हे त्यांना कळलंच नाही. शेवटी मी हात टेकले.

पण खरं सांगू? रागाच्या खाली भीती होती. मेळ्यात विकायचं किंवा स्पर्धेत ठेवायचं प्रत्येक भांडं आधी वाजवून बघायची आमच्यात पद्धत आहे. वाकवलेल्या बोटानं भांड्यावर ठोकायचं. खणखणीत वाजलं तर 'सच्चा', भद्द वाजलं तर आत कुठेतरी तडा आहे, 'गेला'. भांडं कुठलंही असो, शब्द हे दोनच. आणि मेळ्यात ते म्हणायचा मान यांचा. ह्यांनी 'सच्चा' म्हटलं की घेणारा डोळे मिटून घेतो. कुणी कधी भांडं उलटं करून पाहिलेलं नाही. आणि आता खणखण काय आणि भद्द काय, यांना दोन्ही सारखंच ऐकू येत होतं. म्हणजे येतच नव्हतं. हे मला माहीत होतं आणि त्यांनाही माहीत होतं, पण विषय काढायचा कुणी?

विषय कुणीच काढला नाही, पण एक झालं. कारखान्यात भांडं वाजवलं की हे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. मी समोरच बसलेली असते, मला ऐकू येतं, आणि माझ्या पोटात जे असतं ते तोंडावर दिसल्याशिवाय राहत नाही. तोंड उजळलं की सच्चा, आंबट झालं की गेला. ठरवून काही केलं नव्हतं, आपोआप होत गेलं. मेळ्यातही मी यांच्या समोर उभी राहणार होते. एक जरी फुटकं भांडं यांनी सच्चा म्हणून कुणाच्या हातात दिलं असतं, तर त्यांच्या शब्दाची माती झाली असती. आणि शब्द गेला की हा माणूस पुन्हा चाकावर बसणार नाही, हे मी पुरतं ओळखून होते.

स्पर्धेसाठी यांनी कमरेएवढा घडा घडवला, आणि मी त्याला अकरा कान लावले. तळाजवळचे दोन लहान मुलांच्या हाताचे. एक डावखुऱ्यासाठी. एक चांगला रुंद, ज्यांची बोटं सांधेदुखीनं मिटत नाहीत त्यांच्यासाठी. एक दोघांनी मिळून धरायचा. वरचे उंच माणसांसाठी. कुणीही यावं आणि आपल्या हाताला येईल तो कान धरावा. अकरावा लावायला जरा उशीर झाला होता; माती हाताला कोरडी लागली होती. पण उत्साहाच्या भरात मी तिकडे कानाडोळा केला. मेळ्याच्या दिवशी सकाळीच भट्टी उघडली आणि घडा कोमट असतानाच गोधडीत गुंडाळून टेम्पोत चढवला. गरम भांडं आम्ही वाजवत नाही, ते निवल्यावरच खरं बोलतं.

मेळा शाळेच्या मोठ्या सभागृहात होता. आत शिरलं तर सगळीकडे चिखल, हशा आणि ओरडाआरडा. उंच सुरईच्या स्पर्धेत कुणाची सुरई कलायला लागली की बघणारे सगळे "अरे अरे अरे" करत तिच्याबरोबर त्याच बाजूला वाकायचे. नवरा-बायकोनं एकेका हातानं मिळून फुलदाणी करायची होती, त्यात एका जोडप्यानं चाकापेक्षा जास्त माती एकमेकांच्या तोंडाला लावली आणि बक्षीस त्यांनाच मिळालं. डोळे बांधून वाटी करायच्या स्पर्धेत आमच्या धाकट्या भावजींनी गेल्या वर्षी जे काही केलं होतं, ते त्यांनी भाजून यंदा विकायला मांडलं होतं आणि त्याला ते स्वतः बशी म्हणत होते. मी अपघात म्हटलं. भावजी म्हणजे यांचे सख्खे धाकटे भाऊ. फुलदाण्या करतात, आणि त्याहून जास्त बाता मारतात.

सकाळभर हे भांडी वाजवत होते आणि मी समोर उभी राहून तोंड उजळत होते, आंबट करत होते. सगळं व्यवस्थित चाललं होतं. घडा मेळ्यातल्या पोरांनी टेम्पोतून परस्पर नेऊन ठेवला होता. मग मी आपली 'कान' स्पर्धेचं टेबल बघायला गेले आणि जागच्या जागी थिजले.

कान! माणसाचे कान, हत्तीचे कान, सशाचे कान. एक कान परातीएवढा, त्यातून वेल बाहेर आलेली. एक भिंतीला चिकटून चोरून ऐकणारा. आणि त्या सगळ्या कानांच्या मधोमध आमचा घडा, चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलेल्या पाहुण्यासारखा.

भावजी हळूच म्हणाले, "वहिनी, विषय कान होता."

"मग हे काय आहेत? नाकं?" मी म्हटलं. पण आतून कानकोंडी झाले होते.

परीक्षक होत्या कानाच्या डॉक्टरीणबाई. मुलांच्या मशीनसाठी पैसे जमवायचं त्यांनीच मनावर घेतलं होतं, आणि कोपऱ्यात टेबल मांडून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे कान तपासायला आपली माणसंही बसवली होती. त्या आमच्या घड्याभोवती एक फेरी मारून आल्या, वाकून आत डोकावल्या आणि म्हणाल्या, "फार सुंदर आहे. पण यात कान कुठे आहे?"

"अकरा आहेत. मोजून घ्या."

त्यांनी पुन्हा आत पाहिलं.

"अहो बाई, आत काय बघताय? तुम्ही चहाचा कप कशाला धरता?"

"हँडलला."

"आणि लहानपणी तुम्ही कप आपटून ते तोडलंत, तेव्हा आई काय म्हणून ओरडली होती?"

डॉक्टरीणबाईंनी आत डोकवायचं सोडून घड्याच्या एका कानावर हात ठेवला. मग त्यांचे डोळे मोठे झाले. "कान तोडलास मेले!" असं त्या आईच्याच सुरात म्हणाल्या, आणि जे हसायला लागल्या ते टेबलाचा आधार घेऊनच थांबल्या. "आयुष्यभर कान बघतेय मी आणि हे अकरा दिसले नाहीत!" त्यांनी एकेक कान धरून पाहिला. रुंद कानाशी आल्यावर म्हणाल्या, "हा माझ्या आईच्या हाताचा आहे." मला काय आनंद झाला म्हणून सांगू! अशी फुलून आले की विचारू नका.

आणि नेमके त्याच वेळी हे घडा वाजवायला आले. निकालाआधी स्पर्धेतलं भांडं वाजवायचंच असतं. ह्यांनी बोट वाकवून घड्यावर ठोकलं आणि नेहमीसारखं माझ्या तोंडाकडे पाहिलं. माझं तोंड तर आनंदानं ओसंडत होतं.

"सच्चा!" हे छाती फुगवून म्हणाले.

आवाज आला होता भद्द. ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा.

सभागृहात जमलेली निम्मी माणसं मातीत वाढलेली. सगळ्यांनी ऐकलं. चाकं थांबली, बोलणी थांबली. हे सगळ्यांकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गोंधळत चाललं होतं.

"सच्चा!" भावजी एकदम ओरडले. "अगदी सच्चा!" ज्या माणसानं जन्मात थोरल्या भावाचं कधी ऐकलं नाही, तो भरल्या सभागृहात त्याच्यासाठी धडधडीत खोटं बोलत होता. मग मागून सुरईवाला म्हणाला, "सच्चा." मग आणखी दोघंतिघं म्हणाले, खाली मान घालून. 

गप्प राहणं सोपं होतं. सगळ्यांनी मिळून झाकलंच होतं. पण उद्यापासून काय? ह्यांनी काहीही म्हणावं आणि सगळ्यांनी कीव येऊन मान डोलवावी? ज्याचा शब्द लोक डोळे मिटून घेत होते, त्याच्याकडे आता लोक डोळे चुकवून बघणार? ते मला सोसलं नसतं. त्यांनाही नसतं.

"गेला!" मी ओरडले. माझ्या सगळ्या ताकदीनिशी ओरडले. "अहो, गेला! तडा आहे! माझा अकरावा कान चुकला, घडा गेला!"

ते त्यांना ऐकू गेलं. माझ्याकडे पाहिलं त्यांनी. रागानं नाही, रागानं पाहिलं असतं तर मला चाललं असतं. मग घड्यावरचा हात काढला आणि गर्दीतून वाट काढत निघून गेले.

धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. भावजी म्हणाले, "वहिनी, जरा गप्प बसला असता तर..."

"तुम्ही जन्मभर गप्प बसणार होता का?" मी खेकसले, आणि यांना शोधायला निघाले.

मागच्या नळाशी पाहिलं, नव्हते. टेम्पोत पाहिलं, नव्हते. पायऱ्यांवर नव्हते. शेवटी आत आले तर कोपऱ्यातल्या त्या कान तपासायच्या टेबलाशी, शाळेच्या बुटक्या बाकावर गुडघे छातीशी घेऊन बसलेले दिसले. समोर मशीन बसवणारी मुलगी होती आणि मध्ये ती डबी, जी मी कपाटात आहे असं समजत होते. खिशात घालून आणली होती.

ऐकू कमी येणारी माणसं मोठ्यानं बोलतात, त्यामुळे मला दुरूनच ऐकू आलं. "बिघडलंय हे," हे तिला सांगत होते. "मी रोज घालून बघतो. ही बाहेर गेली की कारखान्यात बसून घालतो. नीट बसतही नाही, नुसती शिट्टी मारतं. माझ्या कानातच काही उरलं नसेल तर तसं सांग पोरी. मी ऐकून घेईन."

रोज! मी मागे तशीच उभी राहिले.

मुलगी त्यांच्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाली, "आजोबा, एकदा घालून दाखवा बरं. कसं घालता?"

ह्यांनी दाखवलं. ती बघत राहिली, मग ओठ चावत तिनं एक मशीन वर धरलं. "आजोबा, यावर लाल खूण आहे ना, हे उजव्या कानाचं. निळ्या खुणेचं डाव्याचं. तुम्ही अदलाबदल करताय."

"अदलाबदल?"

"हो. म्हणून नीट बसत नाही आणि शिट्टी मारतं."

ह्यांनी डबी जवळ ओढली. मग म्हणाले, "मग तसं डबीवर लिहायला काय झालं होतं?"

"लिहिलंय, आजोबा."

तिनं दोन्ही मशीनं नीट बसवली आणि कसलंसं बटण दाबलं. हे दचकले. मान वर करून इकडे बघ, तिकडे बघ करायला लागले. "केवढा गोंधळ चाललाय इथे!" म्हणाले, आणि त्यांचा सगळा चेहरा बदलला.

मी इतके दिवस यांना हट्टी म्हणत होते. दहा जणांना सांगितलं असेन. आणि हा माणूस हट्टी नव्हता, घाबरलेला होता. मी शेजारी असताना एकटाच घाबरत बसला होता. माझ्या डोळ्यांना धार लागली.

"रोज घालत होतात?" मी पुढे होऊन विचारलं. "मग मला का नाही सांगितलंत?"

सवयीनं ओरडलेच. ह्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "अगं, हळू! कानठळ्या बसल्या माझ्या!" टेबलाशी थांबलेली सगळी माणसं खो-खो हसली आणि आम्हीही हसलो. मी रडता रडता, आणि हे कान धरून.

मग हे उठले आणि थेट घड्याकडे गेले. मी समोर जाऊन उभी राहिले, पण माझ्याकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. डोळे मिटले, बोट वाकवलं, ठोकलं. भद्द. पुन्हा ठोकलं, जरा खाली. भद्द. भद्द आवाजावर इतका खूश झालेला माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

"गेला!" ते म्हणाले. "अकराव्याच्या मुळाशी. तिथून तळापर्यंत. अगदी गेला!"

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मग भावजी आपली ती बशी घेऊन पुढे आले. ह्यांनी ती वाजवली, कानाशी नेली. "सच्चा. दिसायला कशीही असो." मग तर ज्याच्या त्याच्या हातात भांडं, ज्यांची सकाळी वाजवून झाली होती तेही पुन्हा घेऊन आले. कप वाजले, सुरया वाजल्या, झाकणं वाजली. हे एकेकाला नुसतं सच्चा म्हणून सोडेनात, दोन-दोनदा वाजवून ऐकत बसले. सुरईवाला शेवटी म्हणाला, "अहो, भांडं विकायचंय, गाणं नाही शिकवायचं त्याला."

बक्षीस हत्तीच्या कानाला मिळालं. फुटकं भांडं स्पर्धेत बसत नाही, आणि बसवू नये. पण लिलावात डॉक्टरीणबाईंनी आमच्याच घड्यावर बोली लावली. चांगल्या कामासाठी म्हणून भावजी उगाच बोली चढवत गेले, आणि चढवता चढवता घडा त्यांच्याच गळ्यात पडायची वेळ आली तेव्हा त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. बाईंनी आणखी वर चढून त्यांची सुटका केली. "दवाखान्याच्या दारात ठेवते," म्हणाल्या. "घडा फुटका असला तरी कान शाबूत आहेत." पुष्कळ पैसा जमला यंदा. हिशेब ज्यांचा त्यांनी सांगितला, मी काही ऐकला नाही. मी यांच्याकडे बघत होते.

संध्याकाळी सभागृह रिकामं झालं. मुलं वर्गातल्या खुर्च्या परत नेत होती, कुणी फरशी धूत होतं. हे माझ्याकडे पाठ करून खोक्यात उरलेली भांडी भरत होते, प्रत्येकाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळून. मी मागे टेबल पुसत होते.

ओरडून माणूस पुष्कळ काही सांगू शकतो. जेवायला चला. दार लावा. भट्टी तापली. पण काही गोष्टी ओरडून सांगता येत नाहीत, आणि त्या आमच्या घरात कधी बंद पडल्या ते मला कळलंच नव्हतं. आवाज वाढत गेला आणि त्या आपल्या मागे पडत गेल्या. फडका हातात तसाच राहिला माझ्या. बोलायला तोंड उघडलं तर छाती धडधडायला लागली, लग्न ठरलेल्या मुलीसारखी.

"दमलात का हो?" मी म्हटलं. इतकं हळू, की माझं मलाच नीट ऐकू आलं नाही.

कागदाचा आवाज थांबला. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, पण खांदे जरा सैल झाले.

"हं," ते म्हणाले. "तू?"

"मीपण," मी म्हटलं. तेही त्यांना ऐकू आलं.